दर वीस वर्षांनी नवं देऊळ: याला जीर्णोद्धार म्हणायचं का?

डोंबिवलीकर
मंडळी, एका शब्दावर अडले आहे. जपानमधल्या इसे इथल्या शिंतो देवस्थानावरचा एक प्रवासलेख मराठीत आणते आहे. तिथे दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हुबेहूब नवं देऊळ उभारतात, रात्रीच्या अंधारात देवीला तिकडे नेतात आणि मग जुनं उतरवतात. याला ‘शिकिनेन सेन्‌गू’ म्हणतात. पहिलं झालं ६९० साली. मध्ये लढायांच्या धामधुमीत शंभराहून जास्त वर्षं खंड पडला, तरी २०१३ साली बासष्टावं पार पडलं. पुढचं २०३३ मध्ये.

मी लिहिलं होतं ‘देवालय-पालट’. मुद्रितशोधकांनी सगळीकडे ‘जीर्णोद्धार’ करून परत पाठवलं. मला ते मुळीच पटत नाही. जे जीर्ण झालं त्याचा उद्धार, हा त्या शब्दाचा अर्थ. इथे तर जुन्या देवळाचे आढ्याचे खांब पुढे उजी पुलाशी तोरी, म्हणजे देवस्थानाची लाकडी कमान, म्हणून उभे राहतात, आणि आणखी वीस वर्षांनी कुवाना आणि सेकी या जुन्या वाटांवरच्या ठिकाणी जातात. याला जीर्ण कसं म्हणू?

वाईकर
जीर्णोद्धारच योग्य. काशी विश्वेश्वराचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये संपूर्ण नवं बांधलं, तरी आपण सगळे त्याला जीर्णोद्धारच म्हणतो. शब्दाची फोड करून अर्थ ठरवायचा नसतो, लोक काय म्हणतात ते पाहायचं असतं. ‘देवालय-पालट’ वाचून मला खांदेपालट आठवला.

डोंबिवलीकर
पण काशीचं देऊळ पाडलं गेलं होतं. तिथे ‘उद्धार’ या शब्दाला आधार आहे. इसेला कोणी धक्काही लावलेला नाही.

सुतारकी
ताई, एक दुरुस्ती. माझ्या घरात तीन पिढ्या लाकूडकाम आहे म्हणून बोलतो. इसेचे खांब दगडी जोत्यावर नाहीत, थेट जमिनीत पुरलेले आहेत. छप्पर गवताचं. लाकूड हिनोकी, म्हणजे उत्तमातलं उत्तम, पण मातीतला बुंधा पाणी धरतोच आणि गवत तर कुजतंच. तेव्हा ‘जीर्ण’ अगदीच चूक नाही. मला त्यात मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. वीस वर्षांच्या अंतरामुळे सुताराला आयुष्यात दोनतीनदा हे काम मिळतं: आधी शिकाऊ म्हणून, मग कारागीर म्हणून, शेवटी शिकवायला. आपल्याकडे हा क्रम तुटला, त्याचं मला फार वाईट वाटतं.

ओसाकावासी
मूळ शब्दाकडे या. ‘सेन्’ म्हणजे हलवणं. ‘गू’ची चित्रलिपीतली खूण म्हणजे ‘मिया’: मानाचं घर. राजवाड्यालाही तेच, देवस्थानालाही तेच. आपल्याकडे नेमका असा शब्द आहे! राऊळ, म्हणजे राजकुल. वाडाही आणि देऊळही. मी ‘राऊळपालट’ म्हणेन.

दोन वर्षांपूर्वी आईबाबांना घेऊन गेलो होतो. आधी बाहेरचं गेकू, मग आतलं नाइकू. नाइकूला उजव्या कडेने चालायचं, मधली वाट देवाची. इसुझु नदीच्या घाटावर आईने पाण्यात हात घातला आणि सवयीने आचमन करायला गेली. तिला म्हटलं, आई, प्यायचं नाही, हात धुऊन फक्त चूळ भरायची. तिला ते फारच खटकलं.

वाईकर
लेखात ‘चूळ’ लिहू नका, विनंती आहे. चूळ दात घासल्यावर भरतात. ‘मुखप्रक्षालन’ लिहा.

सावंतवाडीकर
का लिहू नये? आमच्याकडे देवळात शिरण्याआधी पायरीशी चूळ भरूनच आत जातात, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. मुखप्रक्षालन लिहिलंत की वाचक थांबून कोश उघडणार.

राऊळ मात्र एकदम पटलं. तो शब्द फक्त अभंगात उरलाय असं कोणी म्हणू नये, आमच्या तोंडात तो रोजचा आहे. आणि गवताचं छप्पर वाचून आजोळ आठवलं. पावसाआधी गावच्या लहान देवळाची शाकारणी असायची. सगळी वाडी जमायची, आजोबा वर चढायचे, आम्ही खालून पेंढ्या द्यायचो. इसेला २०१३ मध्ये गावकऱ्यांनीच नव्या अंगणात पांढरे गोटे नेऊन पसरले, हे वाचलं तेव्हा तोच दिवस डोळ्यांसमोर आला.

मिरजेची माहेरवाशीण
‘तोरी’ हा शब्द आपल्या ‘तोरणा’वरूनच गेलाय ना? सांचीची तोरणं पाहिली की खात्रीच पटते. बौद्ध धर्माबरोबर गेला असणार.

ओसाकावासी
तसं मानणारे आहेत. पण जपानीत तो ‘पक्षी’ आणि ‘असणं’ अशा दोन खुणांनी लिहितात, म्हणून पक्ष्याचा दांडा असाही अर्थ लावतात. नुसत्या ध्वनिसाम्यावर खात्री धरू नये.

मिरजेची माहेरवाशीण
खुणा मागाहूनही बसवता येतात. मी तोरणच लिहीन.

पुरीला जाऊन आलेला
कोणी ‘नवकलेवर’ सुचवण्याआधी सांगतो: पुरीला २०१५ मध्ये मूर्ती नव्या झाल्या, देऊळ तेच राहिलं. इसेला नेमकं उलट. देवीचं प्रतीक म्हणून पुजतात तो आरसा तोच, देऊळ नवं. त्यामुळे तो शब्द इथे बसत नाही. गोव्यात मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळला नेलं ते ‘स्थलांतर’, पण ते जीव वाचवायला. इथे शेजारच्या जागेत जायचं आणि वीस वर्षांनी परत यायचं.

डोंबिवलीकर
‘राऊळपालट’ आणि ‘जीर्णोद्धार’ दोन्ही लिहून पाठवते, संपादकांचं काय म्हणणं पडतं बघू. आणखी एक राहिलं. हातावर पाणी घ्यायचं लांब दांड्याचं बांबूचं भांडं, त्याला ‘पळी’ लिहू का?

सावंतवाडीकर
पळी फार लहान. आमच्याकडे नारळाच्या करवंटीला दांडा लावून करतात, तिला डवली म्हणतात. तीच लिहा.

वाईकर
डवली देशावर कोणाला कळणार? ओगराळं लिहा.

सुतारकी
ओगराळ्याचा दांडा उभा असतो. याचा आडवा आहे.