आडाम रीस: गणिती की हिशेबमास्तर? (टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांची चर्चा)

वहीखाते: दोन नि दोन चार झाले की जर्मन माणूस आजही म्हणतो, "आडाम रीझेच्या हिशेबाने चार!" हा तोच आडाम रीस (१४९२–१५५९), जर्मनीत हिशेब शिकवणारा; म्हणीत त्याचं नाव 'रीझे' झालं. म्हण झाली, छान. पण त्याला थोर गणिती म्हणणं मला पटत नाही. त्याच्या नावावरचं एक प्रमेय दाखवा. अधिक-उण्याची चिन्हं जर्मन गणिती विडमानने १४८९ मध्येच छापली होती, हा जन्मायच्या आधी. ऋण घातांक वापरले ते श्टीफेल या दुसऱ्या जर्मन गणितीने, १५४४ च्या ग्रंथात. रीसने लिहिली ती शिकवणीची पुस्तकं.

हातचा एक: "शिकवणीची" म्हणून नाक मुरडू नका. विद्वान लॅटिनमध्ये लिहीत होते तेव्हा याने १५१८ आणि १५२२ ची पुस्तकं साध्या जर्मनमध्ये लिहिली. त्यातल्या दुसऱ्या पुस्तकाच्या शंभरावर आवृत्त्या निघाल्या. आणि शिकवायची पद्धत बघा. टेबलावर आडव्या रेघा. खालची एकं, वरची दहं, मग शतं. खालच्या दोन रेघांच्या मधे टिकली, म्हणजे मोजायची चकती, ठेवली तर पाच, त्यावरच्या फटीत पन्नास. एका रेघेवर पाच टिकल्या झाल्या की उचला, वरच्या फटीत एक ठेवा. हे बोटांना बसलं की मग लेखणी, आणि भारतातून अरबांमार्फत तिकडे पोचलेले अंक.

वहीखाते: म्हणजे चांगला मास्तर. मी वेगळं काय म्हणालो?

शेरपायली: पावाचं कोष्टक विसरलात दोघं. रीस राहायचा ते जर्मनीतलं आनाबेर्ग हे चांदीच्या खाणींचं गाव. पावाची किंमत ठरलेली, धान्य महागलं की पाव हलका व्हायचा. किती हलका, हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? रीसने नगरपालिकेसाठी कोष्टकच करून दिलं, १५३६ मध्ये ते छापलं गेलं. धान्याचा भाव बघा, पाव तोला, लबाडी तिथल्या तिथे उघड.

वहीखाते: हे तर व्यस्त त्रैराशिक! 'लीलावती'त आहे, १५३६ च्या पावणेचारशे वर्षं आधी. शोध कसला त्यात?

शेरपायली: शोध म्हटलंच नाही मी. खाणकामगाराच्या ताटात पुरता पाव पडला, एवढंच म्हटलं.

हातचा एक: आणि १५२४ चं बीजगणिताचं हस्तलिखित? ते त्याच्या हयातीत छापलंच गेलं नाही, छापील रूपात आलं १९९२ मध्ये.

वहीखाते: न छापलेल्या वहीतून किती जण शिकले असतील? पाव मान्य. पण पोटापाण्यालाही तो खाणींच्या कचेरीत हिशेबच लिहीत होता. हिशेबमास्तर म्हणा, हवं तर पहिल्या नंबरचा.