मदत हवी आहे: काळ्या चोचीचा हंस अमेरिकेतला असेल का?

शेवरी: बीटाच्या शेतात चरणाऱ्या ब्यूइक हंसांमध्ये (सायबेरियातून हिवाळ्यात येणारे, काळ्या-पिवळ्या चोचीचे हंस) एक हंस निराळा दिसतो आहे. त्याची चोच जवळजवळ काळी असून डोळ्यापुढे तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका तेवढा आहे. व्हिसलिंग हंस, म्हणजे ब्यूइकचा उत्तर अमेरिकेतला भाऊबंद, म्हणून नोंद पाठवावी का? थवा केव्हाही उडेल, कृपया लवकर सांगावे.

गवत्या: ठिकाण कोणते, पक्षी प्रौढ आहे का आणि पायात कडे आहे का, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. कडे असल्यास तो कोणाच्या तरी संग्रहातून सुटलेला असू शकतो.

नदीकाठ: ब्रिटनमधील सर्व हंस राजाच्या मालकीचे असल्याने त्याला हात लावू नये.

गवत्या: हात लावण्याविषयी कोणी विचारलेले नाही. शिवाय राजाचा हक्क खुल्या पाण्यावरील, खूण नसलेल्या, नारिंगी चोचीच्या म्यूट हंसांपुरताच आहे.

शेवरी: इंग्लंडमधील नॉरफक, ऊझ वॉशेस या पाणथळ कुरणांजवळ. पक्षी पांढराशुभ्र आहे, म्हणजे प्रौढ. पाय चिखलात आहेत.

टिटवी: मग ट्रम्पेटर, म्हणजे उत्तर अमेरिकेतला दुसरा हंस, का नाही? त्याचीही चोच काळीच असते. अलास्का-कॅनडातून चेसापीकच्या उपसागराकडे निघालेला व्हिसलिंग अटलांटिक ओलांडून इकडे येईल, हे मला पटत नाही.

गवत्या: ट्रम्पेटर ब्यूइकांमध्ये उभा राहिला, तर आकारावरूनच उठून दिसेल, व्हिसलिंग मात्र त्यांच्याच बेताचा असतो. वाटेचे म्हणाल, तर पूर्व सायबेरियात दोघांचे प्रदेश भिडतात, त्यामुळे तो ब्यूइकांच्या सोबतीने पूर्वेकडूनही येऊ शकतो. पण तिथे त्यांच्या मिश्र जोड्याही जमतात, म्हणून संकराची शंका आधी फेडावी लागते. व्हिसलिंगच्या चोचीवर पिवळा भाग साधारणपणे सहाव्या हिश्श्याच्या आत असतो, ब्यूइकच्या चोचीवर चौथ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक.

टिटवी: डोळ्यांनी हिस्से मोजता येत नाहीत. पक्षितज्ज्ञ आणि चित्रकार पीटर स्कॉट यांनी इंग्लंडमधील स्लिमब्रिजच्या पाणपक्षी केंद्रात १९६४ पासून ब्यूइकांच्या चोचींची चित्रे काढून एकेक पक्षी ओळखला, तो प्रत्येकाची नक्षी वेगळी असते म्हणूनच. हा फार तर जास्त काळ्या चोचीचा ब्यूइक असेल.

गवत्या: म्हणूनच चोचीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, शेजारी एखादा ब्यूइक असलेला एक फोटो घ्यावा, आणि सगळे काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे त्या परगण्यातल्या पक्ष्यांच्या नोंदी तपासणाऱ्याकडे, पाठवावेत.

शेवरी: उजव्या बाजूचा ठिपका डाव्याहून लहान आहे. डाव्या पायात कडे नाही, उजवा पाय अजून दिसलेला नाही, आणि शेतमालकाचा ट्रॅक्टर बांधावर आला आहे.