आजोबांच्या लग्नपत्रिकेवर पोर्तुगीज शिक्का. पोर्तुगालच्या सालाझारची राजवट मुसोलिनी-हिटलरच्या रांगेतली मानायची का?

फोंड्याची नात

नमस्कार मंडळी. आमचं मूळ घर फोंड्याजवळचं, मी मात्र जन्मापासून पुण्यात. गेल्या महिन्यात आत्याने जुनी पेटी उघडली, त्यात आजोबांची लग्नपत्रिका निघाली. साल 1938, वैशाखातला मुहूर्त. वर 'श्री मंगेश प्रसन्न', खाली आप्तेष्टांची नावं, सगळं शुद्ध मराठीत. कोपऱ्यात मात्र जांभळ्या शाईचा पुसट शिक्का. आत्या पोर्तुगीज शाळेत शिकलेली. तिने चष्मा चढवून वाचलं, "व्हिझादु पेला सेंसुरा." म्हणजे सेन्सॉरने तपासलं.

लग्नाची पत्रिका सेन्सॉर कशाला तपासेल? शाळेत दोन महायुद्धांमधल्या हुकूमशाह्या शिकलो तेव्हा इटली, जर्मनी, रशिया एवढंच होतं. पोर्तुगालचं नावही नव्हतं. 1938 साली तिथे नेमकं काय चाललं होतं, आणि ते गोव्यातल्या एका लग्नघरापर्यंत कसं पोचलं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

मडगावचा मास्तर

ताई, मी तीस वर्षं इतिहास शिकवला आणि माझे वडील मडगावात एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आधी पोर्तुगालचं सांगतो. 1910 साली राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं. गोव्यातल्या हिंदूंना तो काळ मोकळ्या श्वासाचा वाटला. सरकारी नोकऱ्यांची दारं उघडली, मराठी नियतकालिकं निघाली. पण लिस्बनमध्ये घडी बसेना. सोळा वर्षांत 45 सरकारं. त्यात पहिल्या महायुद्धात उतरून माणसं आणि पैसा दोन्ही गेलं, महागाईने लोक पिळून निघाले. 1921 मध्ये तर पंतप्रधान ग्रांजू यांचाच एका रात्रीत खून झाला. 1925 मध्ये आल्व्हिश रेईश नावाच्या भामट्याने खोट्या कागदपत्रांवर लंडनच्या खऱ्या छापखान्याकडून पाचशे एस्कुदोच्या (पोर्तुगालचं तेव्हाचं चलन) लाखो नोटा छापून घेतल्या. नोटेवर चित्र वास्को द गामाचं! कागद खरा, छपाई खरी, फक्त हुकूम खोटा. पैशावरचाच विश्वास उडाल्यावर सरकारवर कुठून राहणार? 28 मे 1926 रोजी सैन्याने सत्ता घेतली तेव्हा प्रजासत्ताक वाचवायला फारसं कुणी पुढे आलं नाही. हे फार मोठं दुखणं आहे, आणि जर्मनी-इटलीतही थोड्याफार फरकाने हेच झालं.

सैनिकांना हिशेब जमेना. म्हणून 1928 मध्ये कुइंब्रा विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक सालाझार यांना अर्थमंत्री केलं. त्यांची अट एकच: प्रत्येक खात्याच्या खर्चावर माझा शब्द शेवटचा. वर्षभरात अंदाजपत्रक शिलकीत आलं आणि लोकांनी हात जोडले. 1932 मध्ये ते पंतप्रधान झाले. 1933 मध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतलं, त्यात जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची मतं होकार म्हणून धरली. एकच पक्ष, संपाला बंदी, गुप्त पोलीस, आणि 1926 पासून चालत आलेली सेन्सॉरशिप आता कायमची. 1936 मध्ये तरुणांची गणवेशधारी संघटना, आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवर ताराफालची छळछावणी, आणि सरकारी नोकराने कम्युनिझम मानत नाही असं लिहून द्यायची सक्ती. ही बिनआरडाओरड्याची हुकूमशाही होती. सालाझारना सभांत गर्जना करायला आवडत नसे. ते खोलीत बसून कागद वाचत. मला ते जास्त भयंकर वाटतं.

गोव्यासाठी सगळ्यात वाईट 1930 चा वसाहत कायदा. तोवर आम्ही कागदोपत्री 'प्रांत' होतो, या कायद्याने 'वसाहत' झालो. परमुलूख ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुधारणं हा पोर्तुगीज राष्ट्राचा मूळ धर्मच आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्याच जुलैत गोव्याचे पत्रकार आणि पुढारी लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात याविरुद्ध ठराव मांडला: स्वतःचं भवितव्य ठरवण्याचा प्रत्येक समाजाचा हक्क आम्ही सोडणार नाही. पणजीत उभं राहून हे म्हणायला छाती लागते. त्यांचं 'प्रकाश' हे पत्र पुढे सरकारने बंद पाडलं.

आता तुमची पत्रिका. वडील सांगायचे, खिळे जुळवले की पातळ कागदावर प्रूफ, म्हणजे तपासणीसाठीची प्रत, काढायचं आणि ते सेन्सॉरच्या कचेरीत न्यायचं. बातमी असो, नाटकाची जाहिरात असो, मुंजीचं नाहीतर लग्नाचं निमंत्रण असो. साहेब निळी पेन्सिल घेऊन बसलेला. निळी रेघ पडली की तो मजकूर गेला. आणि वर्तमानपत्रात गेलेली जागा कोरी ठेवायची नाही, कारण कोरी जागा दिसली की वाचकाला कळतं काहीतरी कापलंय. मग वडील तिथे पंचांगातल्या तिथी भरायचे, नाहीतर औषधाची जाहिरात. त्यांना आयुष्यभर एक सवय राहिली. पेपर हातात घेतला की बातमी वाचायच्या आधी ते बोटाने ओळींमधलं अंतर चाचपायचे.

एक विचारतो: तुमच्याकडची पत्रिका जाड कागदाची, घडीची आहे की पातळ, एकाच बाजूला छापलेली?

आकडे आणि पुरावे

मास्तरांचं लिखाण मनाला भिडलं, पण एक शंका मांडतो. अभ्यासकांत बरेच जण सालाझारच्या राजवटीला 'सर्वंकष' (माणसाचं सगळं आयुष्य ताब्यात घेणारी) म्हणत नाहीत, नुसती 'एकाधिकारशाही' (सत्ता एका हाती) म्हणतात. नॅशनल सिंडिकॅलिस्ट नावाचे निळ्या शर्टवाले खरे फॅसिस्ट पोर्तुगालमध्ये होते. त्यांची संघटना 1934 मध्ये सालाझारनीच मोडली. राज्याला देव मानणं त्यांच्या कॅथलिक मनाला पटत नव्हतं. हिटलरने जे केलं त्याच्या पंक्तीत हे बसवलं तर हिटलरच्या बळींवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

मडगावचा मास्तर

तुमचा मुद्दा रास्त आहे आणि ज्यूंच्या संहाराशी मी कशाचीच तुलना करणार नाही. पण निळे शर्टवाले मोडले ते स्वातंत्र्यासाठी नव्हे, दुसरा दावेदार नको म्हणून. 1933 चा कामगार कायदा मुसोलिनीच्या कामगार सनदेवरून बेतलेला होता. स्पेनच्या यादवीत मदत बंडखोर सेनापती फ्रँकोला. मे 1945 मध्ये हिटलर मेल्याची बातमी आली तेव्हा लिस्बनमध्ये सरकारी झेंडे अर्ध्यावर उतरवले होते. शब्द कोणता लावायचा ते तुम्ही ठरवा. ज्याच्या घरचं लग्नही कचेरीतून मंजूर होऊन येतं, त्याला सरकार किती आत शिरलंय ते वेगळं सांगावं लागत नाही.

लिस्बनहून

मी इथे नोकरीनिमित्त सहा वर्षं आहे. कॅथेड्रलच्या शेजारी आल्जूब नावाचा जुना तुरुंग आहे, आता तिथे संग्रहालय केलंय. राजकीय कैद्यांना चौकशीसाठी ठेवायच्या कोठड्या पाहिल्या. दोन पावलं टाकली की भिंत. इथले लोक त्यांना गुरांच्या खोपट्याचं नाव देतात. बाहेर ट्रामची घंटा वाजते, पर्यटक हसत जातात. आत उभं असताना ती घंटा ऐकू येते, तेव्हा कैद्यांनाही येत असणार. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले आपले त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना 1946 मध्ये लष्करी न्यायालयाने शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्याच पेनिशच्या किल्ल्यात आणून ठेवलं होतं. गोवेकरांनी इथे आलं तर तोही किल्ला जरूर पाहावा.

फोंड्याची नात

सर, तुमचा प्रश्न वाचून पत्रिका पुन्हा काढली. कागद पातळ आहे. अगदी पतंगाच्या कागदासारखा. एकाच बाजूला छापलाय, कडाही कापलेल्या नाहीत. म्हणजे आमच्याकडे पत्रिका नाहीच, प्रूफ आहे! खिडकीशी नेऊन भिंग लावून पाहिलं. निमंत्रकांच्या नावांत पाचव्या ओळीवर एक फिकट निळी रेघ आहे. आजवर आम्ही ती घडीची खूण समजत होतो. ते नाव आजोबांच्या मधल्या भावाचं, जे 1935 च्या सुमाराला मुंबईला गेले आणि परत आलेच नाहीत. घरात त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे. आम्हाला वाटायचं भाऊबंदकी असेल.

आत्या आता शहाऐंशीची आहे. दुपारची झोप झाली की फोन लावते तिला.