मदत हवी आहे: सीव्ही०२६ जांभळा होत नाहीये

स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या बायोफिल्ममधले (पृष्ठभागाला चिकटलेल्या थरातले) एएचएल, म्हणजे जिवाणू एकमेकांना इशारा द्यायला सोडतात ते संदेशरेणू, तपासायला क्रोमोबॅक्टेरियम या जिवाणूचा सीव्ही०२६ म्यूटंट वापरतेय; तो स्वतः एएचएल बनवत नाही, बाहेरून मिळालं की जांभळा होतो. विकतचं सी६ (सहा कार्बनच्या साखळीचं एएचएल) घातलं की प्लेटमधल्या विहिरीभोवती (आगरमधल्या भोकाभोवती) झकास जांभळं कडं येतं, म्हणजे स्ट्रेन ठीक आहे. पण काचपट्टीवरच्या ४८ तासांच्या बायोफिल्मचा इथाइल ॲसिटेट अर्क घातला की प्लेट पांढरीच. अर्क दुप्पट केला, ताज्या एलबी प्लेट घेतल्या, फरक शून्य. अर्काभोवती वाढ नीट आहे, त्यामुळे पेशी मरत नाहीयेत. माध्यमाचा पीएच मात्र ८ च्या वर निघाला (आधीच मोजायला हवा होता, कबूल). एचपीएलसी (रेणू वेगळे करून ओळखणारं यंत्र) नाही, लासआय म्यूटंटही (लांब साखळीचं एएचएल न बनवणारा स्युडोमोनास) नाही. अल्कलीत एएचएल रेणूतलं लॅक्टोनचं वलय उघडून तो निकामी झाला असेल, की स्युडोमोनासचाच लांब साखळीचा ३-ऑक्सो-सी१२ हा त्याच्याच आखूड साखळीच्या सी४ मुळे येणारा रंग दाबतोय? नुसत्या प्लेटवर हे वेगळं कसं ओळखू?