जुन्या इमारतीत फ्लॅटवार पाण्याचं मीटर: लावावं की नको? (चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

डाऊनटेक
पुण्याच्या वाघोली, उंड्रीसारख्या भागांत टँकरचा खर्च वाढला की सोसायटीच्या सभेत एक मागणी हमखास येते: प्रत्येक फ्लॅटला मीटर लावा, जो जेवढं वापरेल तेवढं भरेल. तत्त्व मला मान्य आहे. पण गच्चीवरच्या टाकीतून उभ्या डाऊनटेकने (खाली येणाऱ्या पाइपने) पाणी उतरतं अशा जुन्या इमारतीत सुरुवात इथून करणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

अशा इमारतीत फ्लॅटला एकच जोडणी नसते. स्वयंपाकघराची लाइन वेगळी, दोन बाथरूमच्या वेगळ्या, फ्लशची बऱ्याचदा चौथी. म्हणजे टू बीएचकेला तीन-चार मीटर आणि चाळीस फ्लॅटना दीडशेच्या आसपास. 15 मिमीचं नेहमीचं मल्टिजेट (अनेक धारांनी आतला पंखा फिरवणारं) मीटर 165 मिमी लांब असतं. दोन्ही बाजूंचे युनियन (पाइपला जोडणारे नट) धरले की सुमारे दहा इंच आडवी, सरळ लाइन हवी, शिवाय मागेपुढे व्हॉल्व्ह. डक्टमध्ये (पाइपांच्या बोळात) ही जागा मिळत नाही, मग प्लंबर मीटर उभ्या पाइपात टाकून मोकळा होतो. बी वर्गाचं (हा अचूकतेचा वर्ग) मीटर बहुधा आडवं, तबकडी वर ठेवूनच त्या वर्गाचं काम करतं. उभं बसवलं की कमी धारेची नोंद बिघडते.

आणि कमी धार हाच घरातल्या नासाडीचा खरा मार्ग आहे. या मीटरच्या अचूकतेची हमी ताशी 30 लिटरपासून सुरू होते. 30 ते 120 लिटरपर्यंत पाच टक्के फरक चालतो, त्यावर दोन टक्के. फ्लश टँकचं वॉशर गेलं आणि ताशी 20 लिटर पाणी भांड्यात वाहत राहिलं, तर दिवसाला 480 लिटर होतात. माणशी 135 लिटरच्या निकषाने चार जणांच्या घराला 540 लिटर लागतात, त्याच्या जवळपास हा आकडा जातो. आणि मीटर तो धरेलच असं नाही! गळती ज्याच्या घरात तो सुटणार, तूट सगळ्यांच्या माथी.

हिशेबनीस
डाऊनटेक, अडचणी खऱ्या आहेत, निष्कर्ष पटत नाही. आज काय चालतं? गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे पाण्याची आकारणी फ्लॅटमधल्या इनलेटची (पाणी येणाऱ्या जोडण्यांची) संख्या आणि माप यांवर. एकट्या राहणाऱ्या आजी आणि सहा माणसांचं घर सारखेच पैसे भरतात, कारण नळ सारखे. ताशी 20 लिटरची गळती मीटरला दिसणार नाही म्हणून रोज आठशे लिटर वापरणाऱ्याचं मोजायचंच नाही, हा न्याय नाही.

गळती सापडतेही, फक्त मीटर वाचता आलं पाहिजे. तबकडीवरचे काळे आकडे म्हणजे घनमीटर, एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, बिलातलं एक युनिट. लाल आकडे किंवा लाल काटे लिटरचे. काळे 00347 आणि लाल 682 असतील तर 347.682 युनिट. मागचं वाचन 329 असेल तर बिल 18 युनिटचं. लाल आकडे काळ्यांना जोडून लिहिले की 3,47,682 युनिटचं बिल निघतं, वाचणारा नवा असला की हीच चूक होते. आकडा अर्धवट फिरलेला असेल तर लहान धरायचा. काट्यांत ×0.0001 लिहिलेल्याची एक फेरी म्हणजे एक लिटर. घरातले सगळे नळ बंद करा, प्युरिफायर आणि वॉशिंग मशीनचे कॉकही बंद करा आणि तबकडीवरच्या छोट्या चांदणीकडे पंधरा मिनिटं बघा. ती हलली तर घरात पाणी जातंय. हलली नाही तरी फ्लश टँकमध्ये खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की वॉशर बदला.

वरचा मजला
शेवटच्या मजल्यावरच्यांचा विचार कोणीच करत नाही. टाकीचा तळ आणि शॉवर यांच्यात जेमतेम अडीच मीटर उंची. त्यात मीटर घातलं की शॉवर बंदच.

हिशेबनीस
वरचा मजला, हिशेब करून बघू. मीटरच्या ठरावीक (नॉमिनल) प्रवाहाला, म्हणजे ताशी 1500 लिटरला, या मीटरात पाव बारच्या आसपास दाब जातो. प्रवाह निम्मा झाला की दाबाची तूट चौथाई होते. शॉवरला मिनिटाला 10 लिटर, म्हणजे ताशी 600 धरा. तूट येते 0.04 बार, म्हणजे 40 सेंटिमीटर पाण्याची उंची. अडीच मीटरमधून 40 सेंटिमीटर. कमी होईल, बंद होणार नाही.

वरचा मजला
साहेब, हा हिशेब नव्या मीटरचा. मीटरच्या तोंडाशी जाळी असते. टाकी धुतल्यावर तळाचा गाळ आणि पाइपचा गंज त्या जाळीत अडकतो आणि तूट कितीतरी वाढते. टँकरचं जड पाणी असेल तर आत क्षारही बसतात, पंखा अडकतो, काटा थांबतो आणि पाणी मात्र येत राहतं. दीडशे मीटरच्या जाळ्या कोण काढून धुणार, हे ठरावात लिहा. आणि गच्चीवर शेवटच्या दोन मजल्यांसाठी छोटा प्रेशर पंप मंजूर करा, मग मी हात वर करतो.

निळी टाकी
हवेचा मुद्दा राहिला. वरची टाकी रिकामी होऊन पुन्हा भरते तेव्हा डाऊनटेकमधली हवा मीटरमधून बाहेर पडते आणि पंखा भरधाव फिरतो. नोंद वाढते, बेअरिंगही झिजतं. उपाय स्वस्त आहे: टाकीच्या आउटलेट व्हॉल्व्हनंतर लगेच डाऊनटेकवर टाकीच्या काठापेक्षा उंच असा हवेचा उभा पाइप हवा, आणि टाकी तळापर्यंत रिकामी होऊ द्यायची नाही. हा पाइप नसेल तर मीटर लावण्याआधी तो बसवा. आकड्यांवरून होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये फिरणारा भाग नसतो, त्यामुळे पंखा अडकायचा प्रश्न नाही, कमी धारही ते चांगली पकडतं. पण किंमत बरीच जास्त, आणि आतली बॅटरी संपली की बहुतेक वेळा अख्खं मीटरच बदलावं लागतं. दर फ्लॅटला चार घेणं मलाही परवडणारं वाटत नाही.

कृष्णाकाठ
कराडजवळच्या मलकापूरला चोवीस तास पाणी मीटरने दिलं जातं आणि ते चाललं. मीटर नकोच म्हणणाऱ्यांनी ते बघावं.

डाऊनटेक
कृष्णाकाठ, मीटर नको असं मी म्हणत नाही. मलकापूरला घराला एक जोडणी आणि एक मीटर, शिवाय लाइन सतत भरलेली. आमच्याकडे चार जोडण्या आणि मधे दोन टाक्या. तुलना तिथेच तुटते.

आधी मुख्य मीटर आणि प्रत्येक विंगच्या डाऊनटेक हेडरवर (गच्चीवरून डाऊनटेकना पाणी वाटणाऱ्या मुख्य पाइपवर) एक मीटर, एवढंच लावा. मोजक्या नगांत काम होतं, आणि गच्चीवर आडवी सरळ लाइनही मिळते. मग रात्री एक ते चार पंप आणि टँकर बंद ठेवून खालच्या टाकीची पातळी पट्टीने मोजा. टाकी 4 बाय 3 मीटरची असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे 120 लिटर. पातळी उतरली तर टाकीला भेग आहे किंवा टाकीतून निघणारी एखादी लाइन फुटली आहे. हे न करता फ्लॅटवार मीटर लावलं तर जमिनीत मुरलेल्या पाण्याचं बिल सभासद एकमेकांवर ढकलत बसतील.

हिशेबनीस
विंगचं मीटर आधी, याला माझी हरकत नाही. पण तिथेच थांबायला हरकत आहे. विंगमधल्या वीस घरांत कोण जास्त वापरतं हे त्यातून कधीच कळणार नाही.

मधला मार्ग असा: सगळ्या लाइनना नाही, फक्त बाथरूमच्या लाइनना मीटर. खर्चाचा अर्धा भाग, म्हणजे पंपाची वीज, टाकीसफाई आणि मोजता न येणारी तूट, आजच्यासारखा इनलेटवर. उरलेला अर्धा मीटरवर. बंद फ्लॅटलाही पहिला अर्धा लागू. वाद झाला तर मीटर काढायचं नाही. बादली वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, 20 किलो पाणी भरा आणि बादलीवर खूण करा, कारण रंगाच्या बादल्या काठोकाठ वीसपेक्षा जास्त घेतात. नळ बऱ्यापैकी सोडून त्या खुणेपर्यंत पाच वेळा भरा. मीटरने 98 ते 102 लिटर दाखवले तर मीटर बरोबर.

वरचा मजला
बाथरूमपुरतं मीटर मान्य, पंपासह. पण आकारणीचा पाया बदलायचा तर समितीचा ठराव पुरत नाही. उपविधीत दुरुस्ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून सहकार कायद्याच्या कलम 13 खाली निबंधकांकडे नोंदवावी लागते. नोंदणी होईपर्यंत तीन-चार महिने नुसती वाचनं घ्या, बिलं जुन्या पद्धतीनेच द्या.

डाऊनटेक
त्या महिन्यांची वाचनं जिन्यातल्या फळ्यावर लावणार असाल, विंगच्या मीटरच्या आकड्याशेजारी, तर माझा विरोध निम्मा कमी झाला. फ्लशच्या लाइनचं काय, हे मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही. सगळ्यात जास्त पाणी तिथूनच गळतं.