मदत हवी आहे: गॅलेक्सी एसवर सॉफ्टवेअर टाकताना फोन अडकलाय

बार्शीकर८७ | शनिवार, २२ सप्टेंबर २०१२, रात्री ९:४०

नमस्कार. कुणीतरी लवकर सांगा. ओडिनने (कॉम्प्युटरवरून सॅमसंगच्या फोनमध्ये सॉफ्टवेअर टाकायचा प्रोग्रॅम) अँड्रॉइड २.३.६ टाकत होतो, मधेच ओडिनमध्ये लाल झालं. आता फोन चालू केला की काळ्या स्क्रीनवर फोनचं चित्र, मधे उद्गारचिन्ह आणि पुढे कॉम्प्युटरचं चित्र, एवढंच दिसतं. परत फाइल टाकायला गेलो तर ओडिन 'सेटअप कनेक्शन'वर येऊन थांबतं, अर्धा तास झाला तरी हलत नाही. यूट्यूबवर दाखवलंय तसंच सगळं केलंय. सोमवारच्या आत फोन चालू व्हायलाच हवा. काय करू?

नाशिकची | रात्री ९:५२

आधी घाबरू नका. ते चित्र दिसतंय म्हणजे फोन मेलेला नाही. पूर्ण मेलेला फोन बटण दाबल्यावर काहीच दाखवत नाही.

पण माहिती अपुरी आहे. मॉडेल नंबर काय? फाइलचं पूर्ण नाव काय? एकच फाइल होती की तीन? 'री-पार्टिशन'वर, म्हणजे मेमरीचे कप्पे नव्याने पाडायच्या पर्यायावर, टिक होती का? कॉम्प्युटरवर सॅमसंगचा कीज प्रोग्रॅम आहे का? पहिल्या वेळी लाल झालं ते कुठल्या फाइलपाशी?

तांबडफुटी | रात्री ९:५८

बॅटरी काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, मग परत घाला. आणि नवीन रॉम, म्हणजे फोनचं सॉफ्टवेअर, टाकल्यावर बॅटरी कॅलिब्रेट करायला विसरू नका. १०० टक्के चार्ज करून, फोन बंद करून परत चार्ज करायचा. मी दर वेळी करतो, दीड दिवस जाते बॅटरी.

बार्शीकर८७ | रात्री १०:०५

मॉडेल गॅलेक्सी एस, वर लिहिलंच आहे. फाइल एकच, ओडिनच्या 'पीडीए' खान्यात टाकली. री-पार्टिशनला हात लावला नाही. कीज आहे. लाल तिच्या आतल्या पहिल्याच फाइलपाशी झालं, फार तर पाच सेकंद गेले असतील. बॅटरी दोनदा काढून झाली.

कॅलिब्रेशनचं नंतर बघू, आधी फोन तर चालू होऊ दे.

सोल्डर | रात्री १०:११

यावर एकच खात्रीचा उपाय, जिग. मायक्रो यूएसबीच्या चौथ्या आणि पाचव्या पिनेमध्ये ३०१ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा आणि ती पिन फोनमध्ये खुपसायची, फोन थेट डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून सॉफ्टवेअर घ्यायच्या तयारीत, जातो. ३०१ चा मिळत नाही सहसा, १०० किलोचे तीन एकापुढे एक जोडले तरी चालतं. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत रेझिस्टर पाचदहा रुपयांत होतील. जुन्या चार्जरची पिन कापा, ब्लेडने रबर सोला, आत पाच बारीक पाय दिसतील. चौथा पाय बऱ्याच केबलमध्ये कुठेच जोडलेला नसतो, त्यामुळे तिथे सोल्डरचा डाग देताना हात स्थिर हवा. मी आतापर्यंत अकरा फोन असे उठवलेत.

नाशिकची | रात्री १०:१६

सोल्डर, जिग लागतो बटणांनी डाउनलोड मोड येत नसेल तेव्हा. यांचं ओडिन 'सेटअप कनेक्शन'पर्यंत जातंय, म्हणजे फोन ओडिनला दिसतोय. कशाला डाग द्यायला लावता?

बार्शीकर, कीज चालू असेल तर तो यूएसबीवर बसून राहतो आणि ओडिनला बोलू देत नाही. नुसती खिडकी बंद करून भागत नाही. टास्क मॅनेजर उघडा आणि कीज नावाने सुरू होणारं जे काही असेल, ट्रेमधला एजंटसुद्धा, ते सगळं संपवा. केबल डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा, पुढच्या नको, हब तर नकोच. मग बॅटरी काढून घाला, आवाज कमी करायचं बटण, होम आणि पॉवर एकत्र दाबून धरा. ओडिनमधला कॉमचा चौकोन पिवळा झाला की फोन दिसला.

पण काहीही टाकू नका अजून. पहिल्याच फाइलला लाल होणं मला बरं वाटत नाही. बॅटरीखालच्या स्टिकरवर जीटी-आय असं सुरू होऊन काय लिहिलंय ते बघून इथे लिहा.

पाटलाचावाडा | रात्री १०:२०

२.३.६ कशाला टाकताय मुळात? डिसेंबर २०११ मध्येच कंपनीने सांगितलं की गॅलेक्सी एसला अँड्रॉइड ४.० मिळणार नाही, टचविझ या सॅमसंगच्या स्वतःच्या आवरणासकट ते मेमरीत बसत नाही म्हणे. आणि तिकडे सायनोजेनमॉड ९ हे लोकांनी बनवलेलं रॉम त्याच फोनवर लोण्यासारखं चालतंय, ऑगस्टमध्ये स्थिर आवृत्तीही आली. सरळ तेच टाका. जुनं रॉम म्हणजे आरएफएस फाइल सिस्टिम, म्हणजे अडखळणं. मी दोन वर्षं अडखळणं घालवायचे लॅगफिक्स मारत बसलो होतो, आता ती भानगडच उरली नाही.

नाशिकची | रात्री १०:२४

फोन उद्गारचिन्हावर अडकलाय आणि तुम्ही सायनोजेन सांगताय. त्याला आधी रिकव्हरी (रॉम टाकायचा फोनमधला वेगळा मेनू) लागते, रिकव्हरीला चालणारा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लागतो. शिवाय आय ९००० वर सायनोजेन टाकलं की मेमरीचे कप्पेच बदलतात, परत मूळ सॉफ्टवेअरवर यायचं तर पिट फाइल (कप्प्यांचा नकाशा) आणि री-पार्टिशन करावं लागतं. नवख्या माणसाला आज रात्री हे सांगायचं का?

पाटलाचावाडा | रात्री १०:२७

नवखाच होतो मीही. करून बघितल्याशिवाय कुणी शिकत नाही.

बार्शीकर८७ | रात्री १०:३१

स्टिकरवर जीटी-आय ९००३ आहे. तोच ना गॅलेक्सी एस?

नाशिकची | रात्री १०:३३

नाही! तुमचा गॅलेक्सी एसएल आहे. आय ९००० वेगळा फोन. दुकानात दोन्ही 'गॅलेक्सी एस' म्हणूनच विकले गेले, मागचं झाकण नि पुढचं होम बटणही सारखंच, म्हणून कितीतरी जण इथे फसतात. आतून काही एक नाही. आय ९००० मध्ये हमिंगबर्ड प्रोसेसर आणि सुपर अमोलेड, तुमच्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ओमॅप आणि सुपर क्लिअर एलसीडी. एकाचा कर्नल दुसऱ्यावर चालणं शक्यच नाही.

तुम्ही फाइल आय ९००० ची टाकलीत ना?

बार्शीकर८७ | रात्री १०:३७

हो. नावात आय ९००० आहे. आता बघितलं.

संपलं का सगळं?

नाशिकची | रात्री १०:४१

नाही संपलं. पहिल्याच फाइलला थांबलं आणि री-पार्टिशन नव्हतं, या दोन गोष्टींनी वाचवलं. आय ९००० ची पिट देऊन टिक केली असती तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते.

सॅममोबाइल या साइटवर जा, आय ९००३ निवडा, देश भारत निवडा. आवृत्तीच्या नावात मॉडेलनंतर डीडी असेल तर ती आपल्याकडची. ओडिनमध्ये टाकण्याआधी फाइलचं नाव मोठ्याने वाचा, ९००३ आहे का बघा.

सोल्डर | रात्री १०:४४

आय ९००३ ला पण जिग चालतो, कळावं म्हणून.

जुनानोकिया | रात्री १०:५०

एवढा खटाटोप मुळात कशासाठी चाललाय? नवीन काय हवं होतं फोनमध्ये? माझा नोकिया ५८०० अजून चालतोय, फोन अपडेटर लावला की एका बटणात काम व्हायचं.

बार्शीकर८७ | रात्री ११:०२

फाइल उतरतेय, तोवर सांगतो.

आईचे मेसेज वाचायचेत. ती गावी असते, बार्शी तालुक्यात. दोन वर्षांपासून तिला ऐकू फार कमी येतं, फोनवर बोलणं होत नाही. भाच्याने तिला साध्या नोकियावर मराठीत मेसेज लिहायला शिकवलं. ती रोज संध्याकाळी पाठवते. माझ्या फोनवर नुसते चौकोन येतात, ओळीच्या ओळी चौकोन. मी मार्चमध्ये हा फोन घेतला तेव्हापासून असंच. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून मी उत्तर शेजारच्या काकांच्या फोनवर पाठवतो, ते तिला वाचून दाखवतात. ऑफिसातला एक जण म्हणाला नवीन सॉफ्टवेअर टाकलं की मराठी दिसेल.

मेसेज एकही काढून टाकलेला नाही. ते जायला नकोत.

जुनानोकिया | रात्री ११:०९

हे आधी सांगायचं ना भाऊ. सॉफ्टवेअर बदलायची गरजच नाही. ओपेरा मिनी घ्या, पत्त्याच्या जागी ओपेरा:कॉन्फिग लिहा, शेवटी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट' आहे तिथे यस करून सेव्ह करा. मराठी एकदम स्वच्छ दिसतं. मी मराठी वर्तमानपत्रं अशीच वाचतो.

नाशिकची | रात्री ११:१२

ते वेबपानांसाठी. ओपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवतो, म्हणून दिसतात. एसएमएस त्या वाटेने येतच नाही.

पाटलाचावाडा | रात्री ११:१६

रूट करून (सिस्टिमच्या फाइली बदलायचा हक्क मिळवून) सिस्टिमच्या फॉन्ट फोल्डरमध्ये ड्रॉइड सॅन्स फॉलबॅकच्या जागी देवनागरी असलेला फॉन्ट टाका. चौकोन जातात.

नाशिकची | रात्री ११:२१

चौकोन जातात, वाचता येत नाही. २.२ वर मी केलंय हे. 'किती' लिहिलेलं असेल तर आधी क, मग बाजूला सुटी वेलांटी, त्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ. 'स्वयंपाक'मधला स आणि व पायमोडका लावून वेगळे. फॉन्ट म्हणजे नुसते ठसे, ते कुठे नि कसे जोडायचे हे सिस्टिमला कळावं लागतं, आणि ते जुन्या अँड्रॉइडला कळत नाही. माझ्या भावाच्या ४.० च्या फोनवर मात्र नीट दिसतं.

पाटलाचावाडा | रात्री ११:२३

मग मी वेगळं काय म्हणत होतो? सायनोजेनमॉड ९ म्हणजे ४.० च.

नाशिकची | रात्री ११:२६

बरोबर, त्या बाबतीत तुमचं खरं आहे. पण आधी मूळ सॉफ्टवेअर, मग मेसेजचा बॅकअप, मगच ते. आणि आय ९००३ साठीचंच.

तांबडफुटी | रात्री ११:३०

डेस्कटॉपवर करताय का? यूपीएस आहे का? फ्लॅश मारताना, म्हणजे सॉफ्टवेअर टाकताना, लाइट गेली आणि त्या क्षणी बूटलोडर (फोन सुरू करणारा भाग) लिहिला जात असेल तर फोन कायमचा गेला. लॅपटॉप घ्या कुणाचा तरी. आमच्याकडे जत तालुक्यात दिवसाला आठ तास लोडशेडिंग आहे, मी रात्री दोनला उठून फ्लॅश मारतो.

सोल्डर | रात्री ११:३४

आठ तास? आमच्याकडे गणपतीत पण सोडलं नाही. आरती मेणबत्तीवर.

बार्शीकर८७ | रात्री ११:३६

यूपीएस नाही. रूममेट लॅपटॉप देतोय. फाइल ७० टक्के उतरलीय.

बार्शीकर८७ | रविवार, २३ सप्टेंबर, रात्री १२:५५

झालं!! नाव तीनदा वाचलं. कीज काढूनच टाकलं. कॉमचा चौकोन पिवळा, मग पट्टी सरकत गेली, मोठ्या फाइलपाशी चार मिनिटं जवळजवळ हललीच नाही, मी केबलला हात लावला नाही. मग हिरवं. फोन आपोआप चालू झाला. कॉन्टॅक्ट आहेत, मेसेज आहेत. म्हणजे चौकोन आहेत.

नाशिकची ताई, तुमचे उपकार विसरणार नाही.

नाशिकची | रात्री १:०३

शाब्बास. आता स्टार हॅश ०६ हॅश करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा, तो खोक्यावरच्या नंबराशी जुळतोय का. जुळत असेल तर आज झोपा.

आणि एक. मेसेजमधली अक्षरं हरवलेली नाहीत. फोनला ती काढता येत नाहीत, पण आत युनिकोडमध्ये जशीच्या तशी आहेत. प्ले स्टोअरमधून 'एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर' घ्या, बॅकअप मारा, मेमरी कार्डवर एक्सएमएल फाइल तयार होईल. ती लॅपटॉपवर घेऊन ब्राउझरमध्ये उघडा. विंडोज ७ असेल तर काहीच टाकावं लागणार नाही.

जुनानोकिया | रात्री १:१०

ही युक्ती मलाही माहीत नव्हती. आमच्या वेळी आपण नोकियाचा पीसी सूट वापरायचो. मराठी मेसेज ७० अक्षरांत संपतो हे लक्षात असू द्या, मोठा असेल तर तुकडे होऊन येतो, पैसेही तेवढ्यांचे.

बार्शीकर८७ | रात्री १:४८

आयएमईआय जुळला. फाइल उघडली.

४११ मेसेज आहेत आईचे. सगळे वाचता येतायत. बहुतेक एका ओळीचे. 'जेवलास का.' 'आज पाऊस झाला.' 'विहिरीला पाणी आलं.' 'काकू विचारत होत्या.' जूनमधला एक आहे, 'डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचंय, तू आलास की जाऊ.' मी जुलैत दोन दिवस गेलो होतो घरी. ती काही बोलली नाही, मलाही माहीत नव्हतं.

परवाचा शेवटचा आहे, 'गौरी शनिवारी येतील, सोमवारी जातील, जमलं तर ये.'

सकाळी सव्वासहाची स्वारगेटहून एसटी आहे. जातोय. रॉमचं आल्यावर बघू.

पाटलाचावाडा | रात्री १:५५

जाऊन या. आय ९००३ च्या सायनोजेनचा क्रम मी नीट लिहून ठेवतो इथे, तुम्ही परत येईपर्यंत. आधी तपासून घेईन.

नाशिकची | रात्री १:५८

आणि आईंना सोमवारीच डॉक्टरकडे घेऊन जा, गौरी जाण्याआधी सकाळी.

घाटमाथा | सकाळी ८:२०

धागा वाचला. माझाही गॅलेक्सी एस आहे, २.२ वर. काल मीपण २.३.६ ची फाइल उतरवून ठेवलीय, अजून टाकली नाही. कुठली टाकू?

सोल्डर | सकाळी ८:२६

बॅटरी काढा, स्टिकरवरचा पूर्ण नंबर इथे लिहा. तोपर्यंत ओडिन उघडू नका.