चार वर्षं मक्याच्या शेतात बीए?

खटपट्या (धागाकर्ता)
परवा इथेच एकाने लिहिलं, "अमेरिकेतलं लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचं महागडं बीए, तेही मक्याच्या शेतात." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे एकाच विषयात न अडकवता सगळे विषय शिकवणारं छोटं पदवी कॉलेज. आमची लेक गेल्या वर्षी तिथल्या प्रवेशाच्या चरकातून गेली. असंच एक, ग्रिनेल कॉलेज, आयोवात मक्याच्या शेतांतच आहे, कबूल. तिथूनच १९४९ साली रॉबर्ट नॉइस बाहेर पडला आणि पुढे त्याने गॉर्डन मूरसोबत इंटेल ही चिप कंपनी काढली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान मॅकॅलिस्टर कॉलेजचे, १९६१. फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर, सगळं तिथे शिकवतात. 'आर्ट्स' ऐकलं की नाक मुरडायची आपली सवय कधी जाणार?

तिरकस
प्रवचन आवडलं, आता आकडा बोला. ॲमहर्स्ट कॉलेजचा वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या घरात. म्हणजे पाऊण कोट, गुणिले चार. आणि हो, 'श्रीमंतांच्या पोरांचं बीए' लिहिणारा मीच.

खटपट्या
ओळखलं होतंच. ॲमहर्स्ट परदेशी मुलांनाही नीड-ब्लाइंड आहे, म्हणजे प्रवेश देताना पैशांची गरज बघत नाही, आणि गरज निघेल तेवढी सगळी मदत देतं. बोडन कॉलेजनेही २०२२ मध्ये तेच केलं. अर्धवट वाचून लिहू नका.

तिरकस
दोन नावं फेकलीत. बाकी बहुतेक नीड-अवेअर, म्हणजे गरज बघूनच ठरवणारी, तिथे मदतीच्या रकान्यात 'हो' लिहिलं की तुमचा अर्ज वेगळ्या तराजूत. भाच्याने अकरा ठिकाणी 'हो' लिहिलं. मार्चअखेरीस पहाटे साडेचारला उठून निकालाचं पोर्टल उघडायचा, मागे ताई देवाजवळ निरांजन लावून बसलेली. अकरा नकार. शेवटच्या वेळी ताईने निरांजन लावलंच नाही. त्याला सांगा नॉइसची गोष्ट.

खडूफळा
अवांतर आहे, पण राहवत नाही. मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते. दर ऑक्टोबरात एखादी आई येते, "मॅडम, अमेरिकेच्या अर्जाला काउन्सेलरचं शिफारसपत्र हवंय." कसला काउन्सेलर? १२० ची तुकडी, निम्मी पोरं इंटिग्रेटेडची, म्हणजे क्लासवाल्यांकडे शिकणारी, इथे प्रॅक्टिकलपुरती उगवणारी. आणि कॉमन ॲपचा, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या सामायिक अर्जाचा, फॉर्म मला विचारतो, हा तुमच्या आख्ख्या कारकिर्दीतल्या पहिल्या काही मुलांत बसतो का? अहो, मी त्याचा चेहरा ओळखत नाही!

खटपट्या
मॅडम, तुमच्यासारख्यांमुळेच आम्ही दोन महिने हेलपाटे घातले. एका सरांनी सांगितलं, "तुम्हीच लिहून आणा, सही ठोकतो." नववीची गुणपत्रिका शाळेत मागितली, तर क्लार्कने असं बघितलं, जणू आजीचा जन्मदाखला मागतोय.

तिरकस
मग लिहून आणलंत ना? आणि कन्येने अर्जासाठी ६५० शब्दांत प्रामाणिकपणावर निबंध लिहिला असेल. वा!

खटपट्या
तोंड सांभाळा. लेकीने साफ नकार दिला. केमिस्ट्रीच्या बाई कॉलेजचा ईमेल कधी उघडत नव्हत्या, पासवर्डच हरवलेला. ही तीन दुपारी स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी बसली, पासवर्ड बदलून दिला आणि पत्र लिहायची वेळ आली तेव्हा बाहेर जाऊन उभी राहिली. बाईंनी काय लिहिलं ते आजही आम्हाला माहीत नाही.

खडूफळा
"तुमच्यासारख्यांमुळे" म्हणजे? पाच तुकड्यांचे पेपर तपासून, निवडणुकीची ड्यूटी करून, फुकटात इंग्रजी पत्रं लिहायची आम्ही? एका वर्षी सात लिहिली. एकाही पालकाने निकाल कळवला नाही.

पौडरोड
भांडा निवांत. पण सरसकट बोलू नका. पुण्याजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजच्या मुलांना अमेरिकेत शिकायला डेव्हिस शिष्यवृत्तीची वाट आहे, शिवाय काउन्सेलर हाताशी. बारावी बोर्डाच्या पोराने त्यांच्याशी बरोबरी करायची म्हणजे अनवाणी मॅरेथॉन.

तिरकस
चला, एक तरी शहाणा भेटला. खटपट्याराव, मुलगी गेली कुठे ते नाही सांगितलंत. मदत मिळाली?

खटपट्या
नऊ नकार, एक वेटलिस्ट, एक होकार. मदत मिळाली, तरी उरलेल्यासाठी गावची जमीन विकली. खुश?

तिरकस
नाही. भाच्याचं आठवलं, म्हणून जास्त बोललो. 'श्रीमंतांच्या पोरांचं' हे शब्द तुमच्यापुरते मागे. 'महागडं' तसंच राहील.

खडूफळा
आणि मला कुणी विचारलं नाही, तरी सांगते. यंदा कुणाची आई आली, तर मुलालाच पाठवा म्हणणार आहे. तीन दुपारी बसू दे शेजारी. खुर्ची मात्र वर्गातून उचलून आणावी, स्टाफरूममध्ये आम्हालाच दोन कमी आहेत.